शिट्टी ऐकू आली नाही, म्हणजे पळून गेला असं नव्हे

कोल्हापुरातला दाभोळकर कॉर्नर असो, व्हीनस कॉर्नर असो की सायबर चौक, गाडी अडवण्याची रीत सगळीकडे एकच. हवालदार कडेला उभा असतो. गाडी आठ-दहा मीटरवर आली की तो पुढे येतो, शिट्टी मारतो आणि हात आडवा करतो. गाडी लगेच थांबली नाही तर हँडलला हात घालतो. थांबली तर आधी चावी काढून घेतो आणि मग म्हणतो, "साइडला घे, उतर खाली, लायसन काढ." धडधाकट माणसाला याचा फार तर राग येतो. ज्याच्या स्कूटरला साइड व्हील आहेत, ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याच्या कारचा ब्रेक पायाशी नसून हाताशी आहे, त्याच्यासाठी यातली जवळजवळ प्रत्येक पायरी धोक्याची आहे.

या प्रश्नावर सहसा सुचवला जाणारा उपाय म्हणजे दिव्यांग चालकाला कार्ड किंवा स्टिकर देणं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २०२० पासून ऑटिझम असलेल्या चालकांसाठी निळं पाकीट आहे. गाडीची कागदपत्रं त्या पाकिटात ठेवायची आणि पोलिसाने कसं बोलावं, चालकाने काय करावं हे पाकिटावरच छापलेलं असतं. टेक्सासमध्ये 'या व्यक्तीला संवादाची अडचण आहे' अशी नोंद वाहनाच्या नोंदणीला जोडता येते. तिथे या गोष्टी का लागल्या हे समजण्यासारखं आहे. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात वेगाच्या कारणावरून पोलिसांनी एका कर्णबधिर चालकाचा पाठलाग केला आणि शेवटी तो गोळीला बळी पडला. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं.

आपल्याकडचा धोका बंदुकीचा नाही. तो आहे हँडलला घातलेल्या हाताचा, काढून घेतलेल्या चावीचा आणि "उतर खाली" या दोन शब्दांचा. म्हणून उपायही वेगळा हवा. कार्ड उपयोगाचं आहेच, पण ते गाडी थांबल्यानंतर हातात येतं आणि इजा बहुतेक वेळा गाडी थांबता थांबताच होते. शिवाय अनेक अपंगत्वं डोळ्यांना दिसतच नाहीत. कोल्हापुरात गाडी अडवण्याची पद्धतच अशी ठरवली पाहिजे की समोरचा चालक बहिरा असू शकतो, त्याला उभं राहता येत नसेल, हे पोलिसाने प्रत्येक वेळी गृहीत धरलेलं असेल. चालकाने आपलं अपंगत्व आधी सिद्ध करायचं आणि मग सुरक्षितता मिळवायची, हा क्रमच उलटा आहे.

दिव्यांग माणूस स्वतः गाडी चालवतो, हेच पुष्कळांच्या गावी नसतं. वास्तविक कोल्हापूरला हे नवीन वाटू नये. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथे हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था सुरू केली आणि चाकाच्या खुर्चीवरच्या मुलामुलींना शिक्षण, नोकरी आणि स्वतःच्या हिमतीवर हिंडणं-फिरणं शक्य आहे हे या शहराने पाहिलं. कायदाही हळूहळू पुढे आला. केवळ ऐकू येत नाही म्हणून कुणाचा लायसनचा अर्ज दारातूनच परत करता येणार नाही, चाचणी पास झाला तर लायसन द्यावं लागेल, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं. वाहन चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये राज्यांना कळवलं. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना जून २०२० पासून लायसन मिळू लागलं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी फेरफार केलेल्या वाहनाला स्वतंत्र व्याख्या दिली. एमएच ०९ पासिंगची साइड व्हीलवाली स्कूटर, हाताने चालवायची कार आणि कानाला यंत्र लावलेला डिलिव्हरी बॉय हे सगळे लायसन असलेले, कायदेशीर चालक आहेत. त्यांना अडवण्याची पद्धत मात्र तीस-चाळीस वर्षांपूर्वीचीच आहे.

आता पहिली पायरी, म्हणजे इशारा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी स्कूटर एका सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे जाते. हवालदार दहा मीटरवर आडवा आला तर चालकाच्या हातात जेमतेम सव्वा सेकंद असतो. डोळ्याने बघून ब्रेकवर बोटं जाईपर्यंतच तेवढा वेळ संपतो. इशारा लांबून दिसला पाहिजे, ऐकू येऊन उपयोग नाही. चाळीस मीटरवरून दिसेल असा सरळ वर केलेला हात, रात्री लाल दिव्याची बॅटन, आणि त्यानंतर बोटाने 'कुठे थांबायचं' ती जागा दाखवणं, एवढं पुरेसं आहे. ताशी ४० च्या वेगालाही मग साडेतीन सेकंद मिळतात. शिट्टी वाजवायला हरकत नाही, पण फक्त शिट्टीवर थांबला नाही म्हणून 'आदेश मोडला' असं मोटार वाहन कायद्याचं कलम १७९ लावणं किंवा मोटारसायकल मागे घालणं चूक आहे. मागून वाजवलेली शिट्टी आणि मागून मारलेली हाक कर्णबधिर चालकासाठी झालेलीच नसते. शेजारून येऊन कुणी अचानक हात धरला, तर त्याला आधी पोलीस दिसत नाही, आपल्याला कुणीतरी ओढतंय एवढंच कळतं.

साइड व्हीलच्या स्कूटरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रस्त्यावर सर्वांत जास्त दिसणारं दिव्यांगांचं वाहन हेच आणि त्याच्याबद्दल गैरसमजही सर्वांत जास्त. साध्या स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेटवर दोन जादा चाकं बसवलेली असतात. लोकांना वाटतं चार चाकं आहेत म्हणजे ती पडणारच नाही. उलट आहे. साधी स्कूटर वळताना कलते, ही कलत नाही. हँडल झटकन वळलं की आतल्या बाजूचं चाक उचललं जातं आणि गाडी बाहेरच्या अंगाला उलटते. चालत्या गाडीच्या हँडलला पोलिसाने हात घातला की नेमकं हेच होतं. चालक पाय टेकवून सावरू शकत नाही, कारण पायात ताकद नाही म्हणून तर ती चाकं लावलेली आहेत. पोलिओने बारीक झालेल्या पायाचं हाड नाजूक असतं, साध्या पडण्यानेही ते मोडतं.

"साइडला घे" यातही खोच आहे. आपल्याकडे डांबराची कड आणि मातीची साइडपट्टी यांच्यात चार-सहा इंचांचा उतार असतो. डावं साइड व्हील त्या कडेवरून खाली गेलं की गाडी तिरकी होते. कधी उलटंही होतं. साइड व्हील दगडावर किंवा गटारीच्या झाकणावर चढतं, मधलं इंजिनाचं चाक जमिनीपासून उचललं जातं आणि नुसतं जागेवर फिरतं. तिथून गाडी ना पुढे जाते ना मागे. आणि मागे घेण्याचा प्रश्नच नसतो, कारण काही नव्या किट सोडल्या तर या गाड्यांना रिव्हर्स गिअर नाही. इतर चालक जमिनीवर पाय रेटून गाडी मागे ढकलतात, याला ते करता येत नाही. बॅरिकेडच्या तोंडाशी किंवा दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये नाक खुपसून याला थांबवलं, तर चलन झाल्यावर तो तिथेच अडकतो आणि कुणीतरी गाडी मागे ओढून द्यायची वाट बघत बसतो.

म्हणून थांबवण्याची जागा आधी ठरलेली हवी. जागा सपाट, डांबरी आणि पुढून बाहेर पडता येईल अशी असावी. पुलावर नको, पुलाच्या उतारावर नको, वळणाच्या तोंडाशी नको. शहरात अशा जागा शोधणं कठीण नाही. राजारामपुरीत मेन रोडवर गाडी अडवण्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी आत घ्यायला लावणं सोपं आहे. शिवाजी पुलाजवळ तपासणी करायची असेल तर ती पूल संपून रस्ता सपाट झाल्यावर करावी. तावडे हॉटेलजवळ महामार्गावरून गाड्या वेगाने शहरात शिरतात, तिथे झिगझॅग बॅरिकेड लावताना साइड व्हीलची गाडी सरळ जाऊ शकेल एवढी फट ठेवावी. साडेचार-पाच फुटांची फट ठेवली तर काम भागतं. प्रत्येक नाकाबंदीच्या ठिकाणी रस्त्यावर पांढऱ्या रंगाने एक चौकोन आखून ठेवला, तर हवालदाराने बोट दाखवायचं ते कुठे, हा प्रश्नच उरत नाही.

हाताने चालवायच्या कारची अडचण निराळी. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला एक दांडी असते. बहुतेक किटमध्ये ती पुढे ढकलली की ब्रेक लागतो आणि ओढली किंवा फिरवली की ॲक्सिलरेटर. उजवा हात स्टिअरिंगवर, बऱ्याचदा त्यावर बसवलेल्या गोल मुठीवर. म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. गाडी ऑटोमॅटिक असते. अशी गाडी सिग्नलला किंवा नाकाबंदीला उभी असते तेव्हा गिअर 'ड्राइव्ह'वर असतो आणि ती फक्त डाव्या हाताच्या दाबामुळे थांबलेली असते. खिडकीशी येऊन पोलिसाने "लायसन द्या" म्हटलं, चालकाने घाईत दांडीवरचा हात काढून खिशात घातला, की गाडी आपोआप पुढे सरकते. समोर दुसरा हवालदार उभा असतो. इथे कुणाचीच चूक नसते आणि अपघात मात्र होतो. त्याला उत्तर एकच वाक्य आहे: कुठल्याही कारच्या चालकाला पहिली सूचना "गाडी पार्कमध्ये टाका, हँडब्रेक ओढा" हीच द्यायची, आणि ते झाल्याचं बघून मगच कागदपत्रं मागायची. ही सवय सगळ्याच गाड्यांसाठी चांगली आहे. यासाठी चालक दिव्यांग आहे हे कळण्याचीही गरज नाही.

मग येतं "उतर खाली". मोटार वाहन कायद्याचं कलम १३० गणवेशातल्या पोलिसाला लायसन मागण्याचा अधिकार देतं. त्यासाठी चालकाने खाली उतरून पोलीस उभा आहे तिथवर चालत जावं, असं त्यात म्हटलेलं नाही. हे चालत जाणं आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की तो नियमच वाटतो. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या लावलेल्या माणसाला गाडीवरून उतरायचं तर आधी कुबड्या सोडवायच्या, मग पाय हाताने उचलून खाली घ्यायचा, गुडघ्याचं लॉक पाडायचं, मग तोल सावरत उभं राहायचं. एका बाजूने ट्रक जात असताना हे सगळं करणं म्हणजे विनाकारण जीव धोक्यात घालणं आहे. मणक्याला इजा झालेल्या माणसाला तर उतरताच येत नाही. त्यातही ज्यांची इजा मानेजवळ किंवा पाठीत वर आहे, त्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात वीस मिनिटं थांबवून ठेवलं तर त्यांच्या शरीराचं तापमान धोकादायक वाढू शकतं. काहींच्या मांडीला लघवीची पिशवी बांधलेली असते. ओढाओढीत नळी निसटली किंवा पिरगळली तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेला तरुण बाहेरून पूर्ण तंदुरुस्त दिसतो, पण दंडाला धरून जोरात ओढलं तर त्याच्या सांध्यात किंवा स्नायूत आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, हे किती हवालदारांना सांगितलं गेलंय?

पोलिसाने चालकापाशी जायचं, चालकाने पोलिसापाशी नाही. एवढी एकच ओळ आदेशात आली तरी निम्मा प्रश्न सुटेल.

कागदपत्रांचंही तसंच. स्कूटरची कागदपत्रं सीटखालच्या डिकीत असतात आणि सीट उघडायची तर उतरावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे, आणि ई-चलनाच्या मशीनवर गाडीचा नंबर टाकला की मालकाचा, विम्याचा, पीयूसीचा तपशील समोर येतो. तरीही "ओरिजिनल दाखव" हा हट्ट सुटत नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्या अनेकांची बोटं वाकलेली असतात, पार्किन्सनमध्ये हात थरथरतात. पाकिटातून लायसनचं कार्ड काढायला त्यांना दोन मिनिटं लागणार. त्या थरथरीकडे 'काहीतरी लपवतोय' म्हणून बघितलं जातं, ते थांबलं पाहिजे.

कर्णबधिर चालकाशी बोलणं ही स्वतंत्र गोष्ट आहे. हेल्मेट कानामागच्या यंत्रावर दाबलं गेलं की यंत्र शिट्टीसारखा आवाज करतं, त्यामुळे अनेक जण गाडी चालवताना ते काढून खिशात ठेवतात. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात तर यंत्र ओलं होऊन बिघडू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीतच जातं. म्हणजे 'यंत्र दिसत नाही, म्हणजे याला ऐकू येतं' हा निष्कर्ष चुकीचा. ओरडून बोलण्याचाही उपयोग नाही. ओरडताना ओठांचा आकार बिघडतो आणि ओठ वाचणाऱ्याला काहीच समजत नाही. रात्री टॉर्च चालकाच्या डोळ्यांवर मारला तर त्याचं उरलेलं एकमेव साधनही जातं. टॉर्च आपल्या स्वतःच्या चेहऱ्यावर किंवा हातातल्या कागदावर धरायचा, समोर उभं राहायचं, तोंडावरचा मास्क किंवा रुमाल खाली घ्यायचा आणि नेहमीच्या गतीने छोटी वाक्यं बोलायची.

"लिहून दाखवा" हा सल्लाही अर्धाच कामाचा आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते आणि लिखित मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखी जड जाते. 'आपण सिग्नलचे उल्लंघन केल्याने आपणावर दंडात्मक कारवाई करण्यात येत आहे' हे वाक्य त्यांच्यासमोर धरून काय उपयोग? त्यापेक्षा पोस्टकार्डाएवढं लॅमिनेट केलेलं एक चित्रकार्ड करावं. त्यावर लायसन, आरसी, हेल्मेट, लाल सिग्नल, ट्रिपल सीट, मोबाइल, नो एन्ट्री यांची चित्रं असावीत. दंडाची रक्कम लिहायला मोकळी जागा असावी आणि 'आत्ता भरा' व 'नंतर भरा' असे दोन पर्याय असावेत. मागच्या बाजूला मराठीबरोबर कन्नडही हवं, कारण निपाणी-बेळगावकडच्या गाड्या इथे रोज येतात. हे कार्ड चालकाच्या खिशात नको, हवालदाराच्या हवं. ई-चलनाच्या मशीनलाच दोरीने बांधून ठेवलं तर ते घरी विसरायचा प्रश्न येत नाही. चालकाने कार्ड बाळगायचं ठरवलं तर फक्त काही दिव्यांगांपर्यंत ते पोहोचेल. पोलिसाच्या हातात असलं तर ते प्रत्येकापर्यंत पोहोचतं, मराठी न येणाऱ्या परप्रांतीय ट्रकचालकापर्यंतसुद्धा.

आता दारूच्या तपासणीकडे येऊ, कारण थर्टी फर्स्ट किंवा यात्रेच्या रात्री सर्वांत जास्त अन्याय तिथे होण्याची शक्यता असते. सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांत बोलणं अडखळतं, चाल अडखळते, कधी तोंडातून लाळ येते. मधुमेही माणसाची साखर एकदम उतरली की तोही असंबद्ध बोलतो, त्याला तर त्या क्षणी साखर हवी असते. 'पिलाय हा' हे निदान बघताक्षणी केलं जातं. कायद्याला मात्र चाल किंवा बोलणं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असल्याचं यंत्राने किंवा प्रयोगशाळेतल्या तपासणीने दाखवलं पाहिजे. पण यंत्रात फुंकायलाही ताकद लागते. चेहऱ्याचा एका बाजूचा पक्षाघात असेल तर नळीभोवती ओठ मिटत नाहीत, हवा बाजूने जाते, आणि छातीचे स्नायू कमकुवत असतील तर फुंक अपुरी पडते. यंत्र रीडिंगच देत नाही आणि 'तपासणीस नकार दिला' अशी नोंद होते. कलम २०५ मुळे ही नोंद न्यायालयात चालकाच्याच विरोधात जाते. म्हणून दोन प्रयत्नांत फुंक पुरली नाही तर 'नकार' न लिहिता 'शारीरिक कारणाने अपूर्ण' असं लिहावं आणि कलम २०४ प्रमाणे रक्त तपासणीला, म्हणजे आपल्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, न्यावं. अटक केलीच तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. हे कलम चालकांना तर माहीत नसतंच.

ऑटिझम किंवा मानसिक आजार असलेल्या चालकाच्या बाबतीत धोका वेगळ्या दिशेने येतो. दोघा-तिघांनी घेरलं, आवाज चढले, गाडीच्या टपावरचा लाल-निळा दिवा डोळ्यांवर फिरत राहिला की तो गोंधळतो. नजर चुकवतो, एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो, अंगाला हात लावला तर झटकतो. हा झटकलेला हात 'शासकीय कामात अडथळा' होतो, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १३२. एका चलनाच्या जागी गुन्हा उभा राहतो, आणि कुणाच्याही मनात तसं नव्हतं. उपाय साधे आहेत. एकानेच बोलायचं. एका वेळी एकच सूचना द्यायची आणि दहा सेकंद थांबायचं. हात लावण्यापूर्वी सांगायचं.

चावी काढून घेण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. मोटार वाहन कायद्यात पोलिसाने चालकाच्या गाडीची चावी हिसकावून घ्यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. कागदपत्रं ताब्यात घ्यायला कलम २०६ आहे, गाडी अडकवून ठेवायला कलम २०७ आहे, आणि दोन्हींना अटी आहेत, पावती आहे. चावीला पावती नसते. धडधाकट माणसाची चावी घेतली तर तो खाली उतरून मागे मागे जातो. दिव्यांग माणूस भर रस्त्यात गाडीवर बसून राहतो, मागून वाहनं येत असतात आणि त्याला बाजूला होण्याचाही मार्ग उरत नाही. गाडी जप्त करणं हे त्याहून कठोर. त्याची गाडी हेच त्याचे पाय असतात. कलम २०७ मध्येच परमिट-लायसनच्या काही प्रकरणांत गाडीऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेण्याची सोय आहे. फेरफार केलेल्या वाहनाबाबत शक्य तिथे ती वापरावी. जप्तीशिवाय गत्यंतरच नसेल, तर आधी चालकाला त्याच्या कुबड्या, व्हीलचेअर, औषधं काढू द्यावीत आणि घरी पोहोचवण्याची व्यवस्था करूनच गाडी हलवावी. साइड व्हीलची गाडी साध्या दुचाकीसारखी टोइंगच्या गाडीवर उचलून टाकली तर ब्रॅकेट वाकतं आणि चाकांचं माप बिघडतं. ती दुरुस्ती गल्लीतल्या गॅरेजमध्ये होत नाही.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला, म्हणजे दिव्यांगांना नियम मोडायची मुभा हवी का? मुळीच नको. सिग्नल तोडला तर चलन व्हावं, हेल्मेट नसेल तर दंड व्हावा. मागणी दंड माफ करण्याची नाही, दंड करताना हाडं न मोडण्याची आहे. दुसरा, चोर-गुंड बहिरेपणाचं सोंग घेतील. घेतील कदाचित. पण सोंग घेतलं तरी तो थांबलेलाच असतो, त्याचा नंबर मशीनवर असतो. लांबून इशारा दिल्याने, पार्कमध्ये टाकायला सांगितल्याने किंवा चित्रकार्ड दाखवल्याने कुठला गुन्हेगार सुटतो? तिसरा आक्षेप खरा आहे: मनुष्यबळ कमी, गर्दी जास्त, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीत हे सगळं कोण करणार? म्हणूनच या पद्धतीत वेगळा माणूस, वेगळी रांग, वेगळा फॉर्म काही मागितलेलं नाही. उभं राहण्याची जागा आणि बोलण्याचा क्रम बदलायचा आहे, आणि हँडलवर झेप न घेतल्याने हवालदाराचा स्वतःचाही जीव वाचतो. वाहनाने फरफटत नेलेल्या वाहतूक पोलिसांच्या बातम्या आपण वाचतोच.

स्टिकरबद्दल आमचं मत सावध आहे. ज्याला लावायचा त्याने लावावा. 'पोलीस' आणि 'प्रेस'चे खोटे स्टिकर या शहरात कमी नाहीत, त्यात आणखी एकाची भर पडली की खऱ्या स्टिकरवरही विश्वास राहत नाही. आणि 'गाडीवरचा माणूस पळू शकत नाही' अशी जाहिरात रात्री एकट्या जाणाऱ्या बाईने का करावी? त्यापेक्षा यंत्रणेत असलेली माहिती वापरावी. ऑक्टोबर २०२० पासून वाहन नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' ही नोंद आलेली आहे. चालकाची संमती असेल तर ती नोंद ई-चलनाच्या मशीनवर नंबर टाकताच दिसावी. फेरफार केलेल्या वाहनाचा वर्ग तर लायसनवर असतोच. यात एक मर्यादा आहे: गाडी भावाच्या नावावर असली की नोंद दिसणार नाही. म्हणून मूळ पद्धत सगळ्यांसाठी सारखीच सुरक्षित हवी आणि नोंद ही वरची मदत.

चालकांनीही काही गोष्टी कराव्यात, त्याने त्यांचंच भलं होईल. डावा इंडिकेटर लवकर द्यावा, गाडी थांबल्यावर हॅझर्ड लावावेत. डिजिलॉकर मोबाइलच्या होल्डरवरच उघडता येईल असा ठेवावा, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि लायसन समोरच्या कप्प्यात एका पाकिटात असावं. गाडीवरून न उतरता "साहेब, मला उतरता येत नाही, कागद इथेच बघा" एवढं शांतपणे सांगावं. वाद वाढला तर ११२ लावता येतो. पण हे सगळं करूनही काही बिघडलं, तर 'चालकाने कार्ड का दाखवलं नाही' असा प्रश्न कुणी विचारू नये.

आता हे करायचं कोणी? नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क शिकवणं बंधनकारक केलेलं आहे. कलम ९२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान करणं, तिच्या आधाराच्या साधनाच्या वापरात मुद्दाम अडथळा आणणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अशक्त व्यक्तीला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. हे सगळं पुस्तकात आहे, चौकात पोहोचलेलं नाही. जिल्हा पोलीस अधीक्षकांनी एक पानाची कार्यपद्धती काढली, शहर वाहतूक नियंत्रण शाखेने ती प्रत्येक हवालदाराला, होमगार्डला, ट्रॅफिक वॉर्डनला दिली, तर सुरुवात होते. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ मध्ये अंगावर लावायचा कॅमेरा हे मान्य साधन आहे. जिथे हे कॅमेरे आहेत, तिथे गाडी अडवल्यापासून सोडेपर्यंत तो चालू राहिला पाहिजे. पुढे वाद झाला तर दोघांच्याही कामी येईल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७२ खालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे दर तीन महिन्यांनी चार आकडे यावेत: किती दिव्यांग चालक अडवले, किती गाड्या जप्त केल्या, किती 'अपूर्ण' ब्रेथ टेस्ट झाल्या, किती तक्रारी आल्या. समितीने उत्तर दिलं नाही तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.

प्रशिक्षण मात्र स्लाइड दाखवून होणार नाही. पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर अर्धा दिवस घ्यावा. एक साइड व्हीलची स्कूटर आणि एक हँड कंट्रोलची कार आणावी. हवालदाराला स्कूटरवर बसवून, पाय जमिनीला न लावता, बॅरिकेडपासून गाडी मागे घ्यायला सांगावं. कारमध्ये बसवून ड्राइव्हवर असताना खिशातून लायसन काढायला सांगावं. कानात बोळे घालून, पाठीमागून शिट्टी वाजवावी. तीस-तीस जणांच्या तुकड्या केल्या तर वाहतूक शाखा काही आठवड्यांत पूर्ण होईल. शिकवायला शहरातलेच दिव्यांग चालक आणि कर्णबधिर शाळांतले खुणांच्या भाषेचे शिक्षक बोलवावेत. त्यांना शाल-श्रीफळावर परत पाठवू नये. इतर व्याख्यात्यांना मिळतं तेवढं मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि मैदानावर वापरता येईल असं स्वच्छतागृह यांची तरतूद त्याच आदेशात असावी.